हिरवी तार

आमच्या केतकी वसाहतीत लॉन हवं होतं ते एकट्या दादासाहेब दिघ्यांना. बाकी आम्हा सगळ्यांचं गवतावाचून काही अडलेलं नव्हतं. मुलुंडमधली ही थोडीशी बैठी घरं, मधे मोकळा चौक, चौकाच्या कडेला सार्वजनिक हॉल. चौकातलं गवत नाहूरची शेवंती विळ्याने कापून आपल्या म्हशींना न्यायची. तिला जमेल तेव्हा ती यायची, त्यामुळे गवत कुठे घोट्याएवढं तर कुठे गुडघ्याएवढं असायचं. पण दादासाहेब सचिवालयातून निवृत्त झालेले, आयुष्यभर साहेबांच्या बंगल्यांपुढची हिरवळ बघितलेली, आणि आता वसाहतीचे अध्यक्ष. त्यांना तो गुडघ्याएवढा भाग डोळ्यात कुसळासारखा खुपायचा.

सत्तावन्न साली भांडुपच्या एका कारखान्यातला गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. त्यातून दादासाहेबांनी विजेवर चालणारं गवत कापायचं यंत्र आणलं. लोखंडी, हिरव्या रंगाचं. खाली पिळदार पात्यांचं नळकांडं, वर मोटार, मागे ढकलायला लोखंडी दांडा आणि दांड्यावर बटण. पाठीमागे लांबलचक काळी केबल, आणि तिच्या टोकाला तीन पायांचा प्लग. हातगाडीवरून ते उतरलं तेव्हा दादासाहेबांचा चेहरा असा झाला होता, जणू घरात नवी सून आली होती.

आता आमच्या हॉलच्या भिंतीवर सॉकेट होतं दोन भोकांचं. गणपतीत लाउडस्पीकर लावण्यापुरतं ते होतं. दादासाहेबांनी मधुकर वायरमनला बोलावलं. त्याने प्लग काढला, केबल सोलली, तर आत तीन तारा निघाल्या. लाल, काळी आणि हिरवी. हिरवीचं काय करू, असं त्याने विचारलं. दादासाहेब म्हणाले, माझा रेडिओ दोन तारांवर लंडन ऐकवतो, गवत कापायला तिसरी कशाला लागते? मधुकरने हिरवी तार मुळाशी छाटली आणि दोन पायांचा प्लग लावून दिला. मी त्या वेळी शाळेत होते. घरी असते तर तिथल्या तिथे भांडले असते.

मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत असे. हिरव्या तारेचा धडा आठवीला होता आणि तो अगदी सोपा आहे. ही तार काम काहीच करत नाही. एका टोकाने ती यंत्राच्या लोखंडी अंगाला बांधलेली असते आणि दुसऱ्या टोकाने जमिनीत गेलेली असते. आतली वीज चुकून अंगात उतरली, तर तिने कुणाला त्रास न देता जमिनीत निघून जावं, एवढ्यासाठीच ती असते. ती छाटली की वीज अंगात वाट बघत बसते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला जो पहिला माणूस हात लावील, त्याच्यातून ती जाते.

यंत्र चालवायला दादासाहेबांनी माझ्या नवऱ्याला नेमलं. नेमलं म्हणजे दुधाच्या रांगेत गाठून सांगितलं. अनंत फणसे हा विमा कचेरीतला सालस माणूस. आम्हाला हे घर मिळालं ते दादासाहेबांच्या शब्दामुळे, आणि ती गोष्ट आमचे हे कधी विसरले नाहीत. तशीही ‘नाही’ हा शब्द त्यांच्या जिभेवर येईपर्यंत समोरचा माणूस होकार घेऊन घरी पोचलेला असायचा. हे काम आपल्याकडे आलं म्हणून ते थोडे खुशीतच होते.

मग आली खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी अवजारं पूजतात. विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, कुणी सायकलसुद्धा. दादासाहेबांनी ठरवलं की यंत्राची पूजा हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून करायची. फरशी सकाळी धुऊन घेतली होती. दोन पाटांवर यंत्र ठेवलं, झेंडूची माळ घातली, आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं. आरती झाली की बटण दाबून पाती एकदा फिरवून दाखवायची असा त्यांचा बेत होता, म्हणून प्लग आधीच भिंतीत लावून ठेवला होता.

हळदकुंकू लावायला पहिल्या पुढे झाल्या मृणालिनीवहिनी, दादासाहेबांच्या पत्नी. ओलं बोट दांड्याला लागलं मात्र, त्यांनी हात झटकन मागे घेतला. म्हणाल्या, ‘‘अगं बाई, मुंग्या आल्या हाताला.’’ मग शेजारची सुगंधा पुढे झाली, तिलाही आल्या. तिने डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाली की यंत्र जागृत आहे. झालं. बायकांची रांग लागली. एकेक जण बोट लावी, शहारे आणि नमस्कार करून बाजूला होई. पाय सगळ्यांचे अनवाणी, हात सगळ्यांचे ओले.

मला शाळेतून यायला उशीर झाला होता. मी दारात आले तेव्हा सुगंधा आपल्या तान्ह्या मुलीचा हात दांड्याकडे नेत होती. मी धावत जाऊन तो हात ओढला. मूल रडायला लागलं, सुगंधा माझ्यावर खेकसली. मी सगळ्यांना सांगितलं की हा देवीचा संचार नाही, वीज आहे. यंत्रात वीज उतरली आहे, आधी प्लग काढा. कुणीतरी काढला. पण पूजेत विघ्न आणल्याबद्दल सगळ्या माझ्याकडे असं बघत होत्या, की जणू मीच ती वीज आत सोडली होती.

संध्याकाळी हॉल झाडून झाल्यावर दादासाहेबांनी मला निरोप धाडला. मी गेले तर तिथे चारपाच पुरुष बसलेले, आमचे हेही त्यांत. प्लग पुन्हा भिंतीत होता. दादासाहेब म्हणाले, आता सगळ्यांसमोर हात लावून दाखवा. मी चपला काढल्या, तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि बोटाची मागची बाजू दांड्याला टेकवली. काही नाही. एक मुंगीसुद्धा नाही. पुन्हा टेकवली, पुन्हा काही नाही.

दादासाहेब शांतपणे म्हणाले, ‘‘फणसेबाई, फळ्यावरची वीज वेगळी आणि भिंतीतली वेगळी.’’

सगळे हसले. आमचे हे हसले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली, आणि ते मला जास्त लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी अक्षरशः करून घरी आले. इतकी संतापले होते की चुलीवरची आमटी करपली तरी मला वास आला नाही.

दसऱ्यासाठी ह्यांच्या सदऱ्याला इस्त्री करायची होती. इस्त्रीचा प्लग दोन पायांचा. लावता लावता माझ्या लक्षात आलं की तो मी कसाही लावते. कधी असा, कधी तसा, आणि इस्त्री दोन्ही वेळा तापते. मी तिथेच फतकल मारून बसले. पूजेच्या वेळी कुणीतरी यंत्राचा प्लग काढला होता आणि संध्याकाळी पुन्हा लावताना तो दुसऱ्या बाजूने लावला गेला होता. लाल तारेच्या जागी काळी गेली. एका बाजूने प्लग लावला की यंत्र गरीब गाय असतं, दुसऱ्या बाजूने लावला की ते चावतं. तीन पायांचा प्लग उलटा बसूच शकत नाही, पण तो तर आम्ही काढून टाकला होता.

मी ह्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मग सोपं आहे. सुलटा लावू.’’

‘‘सुलटा कुठला, ते कुठे लिहिलंय?’’ मी म्हणाले. ‘‘आणि आज जो सुलटा, तो आत पाणी गेलं, तार आणखी झिजली की उलटाच. अहो, तुमच्या जिवाचा छापा-काटा करायचा आहे का दर रविवारी?’’

 मग मी म्हटलं, निदान रबरी तळाचे बूट घाला, आणि गवत ओलं असेल तर यंत्राला शिवू नका. त्यावर ते म्हणाले की पूजा केलेलं यंत्र, दसऱ्याचा दिवस, चौकात आपट्याची फांदी रोवलेली. तिथे पायांत बूट घालून कसं जायचं? लोक काय म्हणतील? मी विचारलं, मी विधवा झाल्यावर लोक काय म्हणतील? ते त्यांना फार लागलं. मला लागावं असंच वाटत होतं. माझा नवरा एका माणसाच्या भिडेपोटी मरणार होता, आणि ते मला अजिबात मान्य नव्हतं.

दसऱ्याला सकाळी मी दादासाहेबांकडे गेले. भांडायला नाही, विनवायला गेले. तिसरी तार पुन्हा जोडून घ्या, तीन भोकांचं सॉकेट बसवून घ्या, तोपर्यंत यंत्र झाकून ठेवा. ते जमत नसेल तर निदान चालवणाऱ्याला बूट घालू द्या. ते वर्तमानपत्र वाचत होते आणि वाचतच राहिले. मुलुंड नुकतंच मुंबईच्या पालिकेत गेलं होतं, पालिकेतले एक बडे अधिकारी पाहुणे म्हणून येणार होते, आणि त्यांच्यासमोर दादासाहेबांचं यंत्र सीमोल्लंघन करणार होतं. पूजलेल्या यंत्रापाशी पायताण चालायचं नाही, एवढं बोलून त्यांनी पान उलटलं. त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळी मुंबई उठून सरकारला जाब विचारत होती. आमच्या वसाहतीत मात्र अध्यक्षांना जाब विचारणं हा उद्धटपणा होता. ठीक आहे, मी म्हटलं, उद्धट तर उद्धट.

दुपारी हस्ताची एक जोरदार सर येऊन गेली. चार वाजता ऊन पडलं, पण गवत पाण्याने निथळत होतं. चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. आपट्याच्या फांदीपाशी माळ घातलेलं यंत्र उभं होतं आणि त्याची केबल हॉलच्या खिडकीतून आत, खिडकीलगतच्या सॉकेटपर्यंत गेली होती. पाहुणे आले, हार झाले. पुरुष, बायका सगळ्यांनी चौकाच्या कडेला पायताणं काढून ठेवली होती. आमचे हे नवं धोतर नेसून, इस्त्रीचा सदरा घालून, ओल्या गवतात अनवाणी उभे होते. दादासाहेबांनी त्यांना खूण केली.

मी चपला न काढता चौकात शिरले. बायकांमध्ये कुजबुज झाली. सुगंधा मोठ्याने म्हणाली, कुंदा, चपला. मी थांबले नाही. चिखलाने पट्टे भरले तरी तशीच चालत गेले आणि यंत्र व ह्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले.

‘‘हे यंत्र माझा नवरा चालवणार नाही,’’ मी सांगितलं.

दादासाहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते माझ्या खांद्यावरून ह्यांना म्हणाले, ‘‘अनंतराव, घरचं भांडण घरी. या पुढे.’’

मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ह्यांना वाटलं असतं की मी हुकूम सोडते आहे, आणि हुकूम तर त्यांना दोन्हीकडून येतच होते.  मग ह्यांचा आवाज आला, जेमतेम ऐकू येईल असा.

‘‘नाही, दादासाहेब. मी नाही चालवत.’’

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि ह्यांनी कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझे डोळे भरून आले. पण तेव्हा रडण्यापेक्षा भांडणं गरजेचं होतं. मी दादासाहेबांना म्हटलं, तुम्हाला एवढी खात्री आहे तर तुम्हीच चालवा. असेच, अनवाणी.

माझी कल्पना अशी होती की ते चिडतील, चार शब्द बोलतील आणि विषय पुढे ढकलतील. पण मी माणूस ओळखायला चुकले. दादासाहेब हट्टी होते, भित्रे नव्हते. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, मला हाताने बाजूला व्हायला सांगितलं आणि गवतातून यंत्राकडे निघाले. त्यांच्या पावलांखालून पाणी उडत होतं. हॉलच्या खिडकीपाशी मृणालिनीवहिनी ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मुंग्या पहिल्यांदा त्यांच्याच हाताला आल्या होत्या.

मला दादासाहेबांना हरवायचं होतं, मारायचं नव्हतं. मी धावले. आयुष्यात कधी धावले नसेन अशी, चिखलाच्या चपलांसकट. मृणालिनीवहिनींना धक्का लागला, ताट पडलं. मी खिडकीतून आत हात घातला आणि प्लग उपटून काढला.

वळून बघते तर दादासाहेबांचे दोन्ही हात दांड्यावर होते. त्यांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग त्यांनी सगळ्या चौकाकडे बघितलं आणि म्हणाले, बघा, धरलंय मी. झालं का काही? लोक हसले, कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या. प्लग माझ्या हातात आहे हे दिसल्यावर हसणं थांबलं आणि ओरडा सुरू झाला. प्लग परत लाव, असं चारी बाजूंनी सांगायला लागले. मी तो पदरात गुंडाळला, खिडकीला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, लावायचा असेल तर आधी मला उचलून बाजूला करा. परक्या बाईला हात कोण लावणार? पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, त्यांना घाटकोपरला दुसरा समारंभ होता. ते निघाले तसे सगळेच पांगले.

त्या संध्याकाळी आमच्या घरी कुणी सोनं द्यायला आलं नाही. ह्यांनी आपट्याची पानं आणून ठेवली होती, ती ताटलीत तशीच सुकत होती. ह्यांनी मला विचारलं, आपण जायचं का लोकांकडे? मी म्हटलं, ज्यांना सोनं हवं असेल ते येतील. मग ते हळूच म्हणाले, ‘‘मी नाही म्हणालो ना गं, बरोबर म्हणालो ना?’’ मी त्यांच्या हातात एक पान ठेवलं आणि त्यांच्या पाया पडले. एरवी मला त्याचा कंटाळा असे.

दिवेलागणीनंतर मागच्या दाराने मृणालिनीवहिनी आल्या. पदराखालून एक पान काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. म्हणाल्या की मुंग्या खऱ्या होत्या हे त्या ओळखून होत्या, पण नवऱ्यापुढे बोलायची हिंमत झाली नाही. जाता जाता उंबऱ्यात थांबून त्यांनी विचारलं, ‘‘कुंदा, प्लग कसा होता गं? सुलटा की उलटा?’’

‘‘वहिनी, मी बघितलं नाही,’’ मी म्हणाले.

खरोखरच बघितलं नव्हतं. धरला आणि उपटला, एवढंच. सुलटा असता तर पाती फिरली असती, गवत कापलं गेलं असतं आणि मी जन्मभराची मूर्ख ठरले असते. उलटा असता तर काय झालं असतं, ते मी वहिनींच्या तोंडावर बोलले नाही. त्यांनाही ते ऐकायचं नव्हतं. त्यांनी माझा हात नुसता दाबला आणि त्या अंधारातून घरी गेल्या.

दिवाळीच्या आत हॉलमध्ये तीन भोकांचं सॉकेट आलं. मधुकरने केबल पुढे सोलून हिरवी तार पुन्हा जोडली, जमिनीत नळी ठोकून सॉकेटच्या तिसऱ्या भोकाची तार त्या नळीला बांधली, आणि मोटार उघडून आतली झिजलेली तारही बदलली. कुणी सांगितलं म्हणून, हे दादासाहेबांनी कधी सांगितलं नाही. वीज कंपनीचा नवा नियम आला आहे, असं ते सगळ्यांना म्हणत. माझ्याशी ते त्यानंतर मरेपर्यंत बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

यंत्र पुढे बरीच वर्षं ह्यांनीच चालवलं, माझ्या अटींवर. पायांत रबरी बूट, गवत कोरडं खडखडीत, खडे आधी वेचून टाकलेले, केबल खांद्यावरून पाठीमागे, आणि पात्यांत अडकलेलं गवत काढायच्या आधी प्लग भिंतीतून बाहेर. प्लग नुसता बाहेर नाही, तर तो माझ्या हातात आणून द्यायचा. वसाहतीतले पुरुष ह्यांना यावरून चिडवत. हे हसत आणि प्लग आणून देत.

त्या यंत्राने कधी कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. म्हणून सगळ्यांचं मत पक्कं आहे की फणसेबाईंनी पाहुण्यांसमोर उगाच तमाशा केला. दादासाहेब त्यानंतर अठरा वर्षं जगले, आणि ही हकिगत प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला रंगवून सांगत राहिले. मी समोरच्या ओट्यावर भाजी निवडत ती ऐकत असे. एकदाही मधे बोलले नाही. सांगू देत, म्हटलं. सांगायला आहेत ना ते.